नेव्हिलच्या बुटाखाली काय होतं?

जुलै महिन्यात मलकापूरच्या कुठल्याही मैदानाच्या कडेला उभे राहा आणि चेंडूमागे पळणाऱ्या पोरांचे पाय बघा. चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त पाय. कुणी अनवाणी आहे, कुणी प्लास्टिकच्या सँडलवर आलाय, कुणी शाळेचे काळे बूट घालून चिखलात उतरलाय (घरी गेल्यावर काय होणार, ते त्याचं त्याला ठाऊक!). एखाद्याच्याच पायात खरेखुरे स्टडचे, म्हणजे तळाला गुंड्या असलेले बूट आहेत. आंबा घाटाकडून सर येते, बघता बघता मैदानाचा राडा होतो आणि खरी गंमत सुरू होते. दोघं गडी सारख्याच वेगाने पळत येतात. चेंडू अचानक डावीकडे जातो. स्टडवाला जागच्या जागी वळतो. दुसरा वळायला जातो आणि तसाच सरळ पुढे घसरत जाऊन चिखलात बसतो!

असं का होतं? दोघांचं वजन सारखं, वेग सारखा, चिखलही तोच. मग एकाचा पाय थांबतो आणि दुसऱ्याचा सटकतो तो कशामुळे?

प्रश्न पोरखेळाचा वाटतो खरा. पण भारताच्या फुटबॉल संघापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता, तोही ऑलिंपिकच्या मैदानावर. त्याचं उत्तर शोधल्यावर चारच वर्षांनी, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पलीकडे, घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या गोव्यातल्या एका खेळाडूने ऑलिंपिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल ठोकले. आशिया खंडातल्या कुणालाही ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तोवर हॅटट्रिक जमली नव्हती. त्या खेळाडूचं नाव नेव्हिल डिसूझा. क्रिकेटपटूंचे विक्रम आपल्याला धडाधड पाठ असतात, पण हे नाव शंभरात एखाद्यालाच माहीत असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज त्याची गोष्ट सांगणार आहे. नुसती गोष्ट नाही हं, त्याच्या बुटाखालचं विज्ञानसुद्धा!

असगावचा पोरगा

नेव्हिलचा जन्म 3 ऑक्टोबर 1932 चा. गाव असगाव, तालुका बार्देश. या गावाच्या शेजारीच शिवोली आहे. 1883 साली फादर विल्यम लायन्स नावाचे एक पाहुणे धर्मगुरू तिथे राहिले होते आणि त्यांनी मुलांना फुटबॉल शिकवला. गोव्यात फुटबॉल आला तो असा, असं सांगतात. म्हणजे नेव्हिल जन्मला तेव्हा त्या मुलखात पोरं पन्नास वर्षं चेंडू तुडवत होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नेव्हिलच्या लहानपणी गोवा भारतात नव्हताच, तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. नेव्हिलने भारताची जर्सी घालून ऑलिंपिक गाजवलं ते 1956 साली. म्हणजे तो ज्या देशासाठी जिवाचं रान करत होता, त्या देशात त्याचं जन्मगाव यायला अजून पाच वर्षं होती!

त्या काळी गोव्यातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला यायची. धोबीतलावच्या आसपास त्यांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहायची जागा. मुंबईत फुटबॉलचं मोठं मैदान म्हणजे कूपरेज. तिथे रोव्हर्स कप ही 1891 साली सुरू झालेली नावाजलेली स्पर्धा व्हायची. नेव्हिल मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. जागा पुढची, काम एकच: गोल करायचा.

तुम्ही म्हणाल, मग त्याला लाखो रुपये मिळत असतील. छे! तेव्हा भारतात पगार घेऊन नुसता फुटबॉल खेळायची सोयच नव्हती. चांगल्या खेळाडूला एखादी मोठी कंपनी, रेल्वे किंवा पोलीस खातं नोकरी द्यायचं. दिवसा काम, संध्याकाळी सराव. त्याच काळात आयर्लंडमध्ये डब्लिनला जन्मलेला जॉनी कॅरी नावाचा एक झकास खेळाडू होता. तो इंग्लंडला जाऊन मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार झाला. 1948 मध्ये त्याच्या संघाने एफए कप जिंकला, तोही 4-2 असा. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे. कॅरीला मात्र खेळायचाच पगार मिळायचा. अर्थात तोही बेताचाच. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती आणि 1961 मध्ये ती उठवली तेव्हासुद्धा ती आठवड्याला फक्त 20 पौंड होती. आजच्या फुटबॉलपटूंच्या गाड्या बघून हे खरं वाटत नाही ना?

पण कॅरी आणि आपले खेळाडू यांच्यात पैशापेक्षाही मोठा फरक होता. तो फरक होता पायांत.

अनवाणी पायांचे दिवस

आपले लोक फुटबॉल खेळायचे अनवाणी! काहीजण पायाला पट्टी गुंडाळायचे, एवढंच. 1911 साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटवाल्या गोऱ्या सैनिकांना 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बागानच्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते.

यात अडाणीपणा काही नव्हता. तळपाय ही फार हुशार गोष्ट आहे. तळपायाच्या कातडीत स्पर्श आणि दाब ओळखणारे हजारो बारीक ज्ञानतंतू असतात. चेंडू पायाच्या कुठल्या भागाला लागला, जमीन कुठे उंच आहे, कुठे सखल आहे, हे डोळ्यांनी बघायच्या आधी पायाला कळतं. बोटं पसरून जमीन धरताही येते. रोपलावणीच्या वेळी चिखल केलेल्या भातखाचरात तुमचे आजोबा कसे ताठ चालतात बघा. आपण शहाणे त्यांच्यामागून गेलो की दुसऱ्या पावलाला आडवे! कोरड्या, टणक मैदानावर अनवाणी खेळाडू चेंडूशी इतका लाडीगोडीने खेळायचा की बूटवाले बघत राहायचे.

1948 ला स्वतंत्र भारताचा संघ लंडन ऑलिंपिकला गेला. बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. 31 जुलैला फ्रान्सशी सामना झाला आणि आपण अगदी थोडक्यात, 2-1 असे हरलो. दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, दोन्ही हुकल्या! पेनल्टीचा ठिपका गोलपासून 11 मीटरवर असतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू तिथून गोलपर्यंत साधारण 0.4 सेकंदात पोहोचतो. एवढ्या वेळात गोलकीपरला बघायचं, ठरवायचं आणि झेप घ्यायची असते. म्हणजे पारडं मारणाऱ्याचंच जड, तरीही दोन हुकल्या. तुमच्याइतकाच मीही हळहळतो.

1951 मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे आपण इराणला 1-0 ने हरवून सुवर्णपदक पटकावलं. सगळ्यांना वाटलं, बुटांवाचून अडतंय कुठे?

मग आलं 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिक. कोल्हापूरकरांना हे ऑलिंपिक वेगळ्याच कारणासाठी माहीत असतं. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं ते इथेच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मात्र त्याच हेलसिंकीत आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. दहा गोल! युगोस्लाव्हियाचा संघ तगडाच होता, पुढे त्याने रौप्यपदक मिळवलं. त्यामुळे सगळं खापर अनवाणी पायांवर फोडणं बरोबर नाही. पण एवढा मार खाल्ल्यावर भारतीय फुटबॉल महासंघ जागा झाला आणि त्याने फर्मान काढलं: यापुढे बूट घालूनच खेळायचं.

आता खाशाबांकडे पुन्हा एकदा बघा. ते वाढले तांबड्या मातीच्या आखाड्यात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना एकदम गादीवर, म्हणजे मॅटवर कुस्ती करावी लागली आणि ते सहावे आले. पुढच्या चार वर्षांत ते मॅटला सरावले आणि पदक घेऊन आले. पायाखालची जमीन बदलली की पायाला नवं शिकावं लागतं, मग तो पैलवानाचा पाय असो की फुटबॉलवाल्याचा. गंमत म्हणजे कोल्हापुरात हे दोन्ही खेळ एकाच घरात नांदतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं कुस्तीची वाटतात ना? पण शाहू स्टेडियमवर याच तालमींचे फुटबॉल संघ एकमेकांशी भिडतात आणि अख्ख्या पेठा ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. असं जगात आणखी कुठे असेल तर मला जरूर सांगा!

पाय सटकतो म्हणजे काय होतं?

आता येऊ त्या स्टडकडे.

तुम्ही धावता तेव्हा पायाने जमिनीला मागे ढकलता आणि जमीन तुम्हाला पुढे ढकलते. थांबायचं असेल तर पायाने जमिनीला पुढे रेटता आणि जमीन तुम्हाला मागे रेटते. ही ढकलाढकली होते ती घर्षणामुळे. घर्षण नसेल तर पाय नुसता सरकतो, जमिनीवर जोर बसतच नाही.

किती घर्षण लागतं, ते मोजूया. 65 किलोचा खेळाडू सेकंदाला 6 मीटर वेगाने पळतोय. त्याला एका सेकंदात थांबायचंय. त्यासाठी साधारण 40 किलो वजन उचलून धरायला लागतो तेवढा जोर जमिनीने त्याला मागे लावायला हवा. म्हणजे त्याच्या वजनाच्या साठ टक्के. कोरड्या मैदानावर चांगला तळवा एवढा जोर देऊ शकतो. पण अर्ध्या सेकंदात थांबायचं असेल तर? तर दुप्पट जोर हवा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त! नुसता सपाट तळवा जमिनीवर टेकवून एवढं घर्षण मिळणं फार अवघड असतं. आणि गोलच्या तोंडाशी कुणाला एक सेकंद सवड असते? तिथे सगळं अर्ध्या सेकंदातच करायचं असतं.

त्यात पाऊस आला की बघायलाच नको. तळवा आणि जमीन यांच्या मध्ये पाण्याचा आणि बारीक मातीचा थर बसतो. मातीचे अगदी सूक्ष्म कण पाण्यात भिजले की एकमेकांवरून सहज सरकतात. यंत्राला वंगण घालतो ना, तसं मैदानालाच वंगण लागतं. आता तळव्याची पकड जमिनीवर नसते, त्या बुळबुळीत थरावर असते. थर सरकला की पाय सटकला.

स्टड इथे वेगळीच युक्ती करतो. तो या थराच्या वर थांबतच नाही. खेळाडूचं सगळं वजन त्या चार-सहा छोट्या टोकांवर येतं. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड. त्या दाबाने टोकं वरचा राडा भेदून खालच्या घट्ट मातीत रुततात. गोठ्यातला गुरांचा खुंटा आठवा. तो मातीवर नुसता ठेवला तर वासरूसुद्धा ओढून नेईल, पण हातभर आत ठोकला की बैलालाही हलत नाही, कारण आता त्याला ओढायचं तर त्याच्यासमोरची मातीच फाडावी लागते. स्टडचंही हेच. त्याला सरकायचं असेल तर पुढची माती कापत जावं लागतं आणि माती सहजासहजी कापून देत नाही. म्हणून स्टडवाला गडी अर्ध्या सेकंदात वळतो!

जुने स्टड कसे असायचे माहीत आहे? चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून त्याची गुंडी करायची आणि ती छोट्या खिळ्यांनी बुटाच्या तळाला ठोकायची. बूट घोट्याच्या वरपर्यंत यायचे, जाड आणि जडशीळ, भिजले की आणखी जड. गुंडी झिजली की खिळ्यांची टोकं वर यायची आणि समोरच्याच्या नडगीवर ओरखडे उठायचे. कधी कधी खिळा आतल्या बाजूनेही टोचायचा.

मग 4 जुलै 1954 ला स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरात वर्ल्डकपचा अंतिम सामना झाला. एकीकडे हंगेरी. हा संघ चार वर्षं हरलेलाच नव्हता. याच स्पर्धेत आधीच्या फेरीत त्याने पश्चिम जर्मनीला 8-3 असं लोळवलं होतं. समोर पुन्हा तीच पश्चिम जर्मनी. पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीचे दोन गोल झाले. पाऊस कोसळत होता, मैदान जड होत चाललं होतं. जर्मनांचे बूट बनवले होते आडी डासलर नावाच्या कारागिराने. त्यांचे स्टड स्क्रूसारखे फिरवून काढता-घालता येत होते. कोरडं मैदान असेल तर आखूड, चिखल असेल तर लांब. जर्मनी 3-2 ने जिंकली! अर्थात एकटे स्टड सामना जिंकत नाहीत, गोल माणसंच मारतात. पण ओल्या मैदानावर लांब स्टडचा फायदा झाला, हे तेव्हापासून जगभर सगळ्यांना कळलं.

मेलबर्नचा डिसेंबर

1956 चं ऑलिंपिक ऑस्ट्रेलियात मेलबर्नला होतं, 22 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर. आपल्याकडे लोक स्वेटर बाहेर काढत होते आणि तिकडे उन्हाळा लागत होता! पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे डिसेंबरात दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. मेलबर्नचं घड्याळही तेव्हा आपल्यापुढे साडेचार तास होतं. तिकडे दुपारचे दोन वाजले की मलकापुरात सकाळचे साडेनऊ असायचे.

आपल्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तो त्यांच्यावरच आहे. ते मुळात शाळामास्तर. खेळाडूंना शिस्तीने, धडा शिकवावा तसा फुटबॉल शिकवायचे. कर्णधार होता समर बॅनर्जी, लाडाचं नाव बद्रू. उजव्या बगलेवर वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी. मध्ये पुढे आपला नेव्हिल. सगळ्यांच्या पायांत बूट.

पहिल्या फेरीत आपली गाठ होती हंगेरीशी. पण हंगेरीत त्या वेळी मोठा उठाव झाला होता, देश संकटात होता. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि आपण न खेळताच पुढच्या फेरीत गेलो.

1 डिसेंबर 1956. उपांत्यपूर्व सामना, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. प्रेक्षक त्यांचे, मैदान त्यांचं. सुरुवातीलाच नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. नेव्हिलने दुसरा मारला. मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला 2-2. नुसतं वाचतानाही छातीत धडधडतं! मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलने तिसरा गोल मारला. हॅटट्रिक! शेवटी शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूने चौथा मारला आणि सामना संपला 4-2. आठवला का आकडा?

भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचला. आशियातला कुठलाही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता.

उपांत्य सामन्यात समोर कोण असावं? युगोस्लाव्हिया! तोच, चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा. अर्धा सामना झाला तरी गोल शून्य-शून्य. मध्यंतरानंतर गोल झाला आणि तो मारला नेव्हिलने! 1-0, भारत पुढे. हेलसिंकीत ज्यांच्यासमोर आपण उभे राहू शकलो नव्हतो, त्यांना आपण मागे टाकलं होतं. नंतर मात्र युगोस्लाव्हियाने धडाका लावला आणि आपण 4-1 ने हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला 3-0 ने हरवलं. चौथा क्रमांक. पदक हातातून निसटलं.

नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. त्या ऑलिंपिकमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारे तिघेजण होते, तिघांचेही चार-चार. एक युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, एक बल्गेरियाचा मिलानोव आणि एक असगावचा डिसूझा.

मला विचाराल तर 10-1 पासून 4-1 पर्यंतचा हा प्रवास पदकाइतकाच मोठा आहे. आणि तो चार वर्षांत झाला! त्यात रहीम मास्तरांची शिकवण आहे, पोरांची मेहनत आहे आणि बुटाखालच्या त्या गुंड्यांचाही वाटा आहे. जन्मभर अनवाणी खेळलेल्या माणसाला बूट घालून खेळायला लावणं सोपं नव्हतं. चेंडूचा स्पर्श कळेनासा होतो, पाय जड वाटतो, बोटं कोंडल्यासारखी होतात. एका संघाने ही सवय मोडली आणि नवी लावून घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं.

चेंडू पाणी प्यायचा!

जाता जाता तेव्हाच्या चेंडूबद्दलही सांगतो. नेव्हिल ज्याने खेळला तो चेंडू चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला असायचा, आत रबरी ब्लॅडर. चामडं म्हणजे शेवटी जनावराची कातडी, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंची. त्या तंतूंमधल्या फटींत आणि शिवणीत पाणी शिरतं. चामड्याला चरबीचं मलम चोळायचे, तरी पावसात चेंडू पाणी पीतच राहायचा आणि जड व्हायचा. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन 14 ते 16 औंस, म्हणजे साधारण 400 ते 450 ग्रॅम असावं लागे. पण नियमात एक मजेदार शब्द होता: ‘सामना सुरू होताना’. सामना संपताना ते किती भरेल, याची हमी कुणीच देत नव्हतं!

जड चेंडूला तेवढ्याच जोराने लाथ मारली तर तो कमी वेगाने जातो. डोक्याने मारायचा म्हटलं तर मेंदूला बसणारा हादरा वाढतो. आताचे चेंडू कृत्रिम धाग्यांचे असतात आणि फार थोडं पाणी शोषतात. 1986 च्या वर्ल्डकपपासून वर्ल्डकपमध्ये चामड्याचा चेंडू नाहीच. तरीसुद्धा लहान मुलांनी चेंडू डोक्याने मारायचा सराव करू नये, असं आता डॉक्टर सांगतात. अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तशी बंदीच आहे. तुम्हीही जपा बरं.

पुढे काय झालं?

नेव्हिल मुंबईत खेळत राहिला. त्याचा भाऊ डेरिकही भारताकडून खेळला. 1960 च्या रोम ऑलिंपिकनंतर मात्र भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. त्यामुळे भारतासाठी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल आजही एकटाच आहे. 1980 साली तो गेला, वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या गोलांची चित्रफीत घरोघरी पोहोचली नाही, कारण 1956 साली आपल्याकडे टीव्ही नव्हते. वर्तमानपत्रातल्या चार ओळी आणि रेडिओ, एवढ्यावर माणसं खूश व्हायची.

फुटबॉलचं वेड मात्र संपलेलं नाही. 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्डकप झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच्या पायांतले बूट नेव्हिलने बघितले असते तर त्याचा विश्वासच बसला नसता, इतके ते हलके! पण तळाला स्टड आहेतच आणि ते मातीत रुतून तेच काम करतात.

आता तुमचं काम

पावसाळ्यात घरीच हा प्रयोग करा. सारख्या मापाच्या दोन प्लास्टिकच्या डब्या घ्या. दोन्हींत सारखी वाळू भरा. एकीच्या तळाला मोठ्या माणसाकडून सहा छोटे स्क्रू बसवून घ्या, टोकं बाहेर. दुसरी सपाटच ठेवा, पण वजन सारखं व्हावं म्हणून तसेच सहा स्क्रू तिच्या आत टाका. जुन्या पाटावर बोटभर जाडीचा ओला चिखल थापा आणि पाट टेबलाच्या कडेला ठेवा. डबीला दोरा बांधून तो कडेवरून खाली सोडा आणि टोकाला कागदी पेला लटकवा. आता पेल्यात एकेक खडा टाकत जा. सपाट डबी किती खड्यांनी सरकली? स्क्रूची डबी किती खड्यांनी?

मग चिखल पुसून टाका आणि दोन्ही डब्या पाटाच्या कोरड्या लाकडावर ठेवून तेच करा. आता स्क्रूच्या डबीची पहिल्यासारखी शेखी चालते का बघा. चालली नाही, तर का नाही ते वरच्या खुंट्यावरून ओळखा. तिसऱ्यांदा चिखलात थोडं जास्त पाणी घालून बघा. खड्यांचे आकडे वहीत तीन रकान्यांत लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. मलकापूरचा चिखल, गडहिंग्लजचा चिखल आणि कोकणातला तांबडा चिखल यांत कुणाची पकड जास्त, ते आपण पुढच्या अंकात छापू. आणि हो, पाट आईला विचारूनच घ्या!